आणि मांजराचं काय?

एमेरी लॅथ्रप यांनी टोपी काढली खरी, पण ठेवायची कुठे ते त्यांना कळेना. ऑगस्टा विल्चेकच्या कचेरीत खुर्च्या तीन. एकीवर जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग, दुसरीवर ऑगस्टा आणि तिसरीवर नॉर्बर्ट.

"नॉर्बर्ट, ऊठ," ऑगस्टा म्हणाली.

नॉर्बर्ट हेस उठला. हा ऑगस्टाच्या बहिणीचा नवरा. बहीण गेली आणि हा ऑगस्टाच्या पदरात पडला. ईरी गावच्या पोलिसात हवालदारकी करून निवृत्त झालेला, दाराएवढा माणूस. मनाने लोणी. डोकं मात्र थंडीतल्या मोटारीसारखं, चालू व्हायला वेळ घेणारं. ऑगस्टाचं उलट होतं. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात तिची हयात गेली होती, आणि आता ती तेच काम स्वतःच्या नावाची पाटी लावून करत होती.

लॅथ्रप बसले. सत्तरीला टेकलेले, कडक कॉलरचे, सरळ पाठीचे गृहस्थ.

"माझ्याकडे चोरी झाली आहे," ते म्हणाले. "एक प्रश्न चोरीला गेलाय."

"प्रश्न?" नॉर्बर्ट म्हणाला. "कसला प्रश्न?"

"कायद्याच्या कॉलेजात जायचं तर आधी परीक्षा द्यावी लागते. तिच्यातले तर्काचे प्रश्न आम्ही तिघं तयार करतो. मी, कर्टिस बीम आणि लेनोर द्राबिक. एखादा माणूस काही विधान करतो, त्यावरून निष्कर्ष काढतो, आणि मधली एक पायरी गुपचूप गिळून टाकतो. ती गिळलेली पायरी मुलांनी शोधायची."

"एखादा सांगा पाहू," ऑगस्टा म्हणाली.

"चोरीला गेलेलाच सांगतो. आता तो कुठल्याच कामाचा राहिला नाही." लॅथ्रप यांनी घसा साफ केला. "एका खाणावळीत पाहुण्यांना मटण वाढलं. सगळी ताटं चाटूनपुसून स्वच्छ परत आली. म्हणजे पाहुण्यांनी सगळं मटण खाल्लं. यात न बोलता काय धरून चाललेत?"

"मटण झकास झालं होतं," नॉर्बर्ट म्हणाला.

"ते उत्तर 'ब'. चुकीचं. पण बहुतेकांना तेच आवडतं."

नॉर्बर्टचे कान लाल झाले.

"बरोबर उत्तर 'ड'," लॅथ्रप म्हणाले. "ताटातलं मटण खाणावळीच्या कुत्र्याने खाल्लेलं नाही. हे ताडून पाहायची रीत मीच या दोघांना शिकवली. जे धरून चाललोय असं वाटतं, ते उलटं करून बघायचं. समजा कुत्र्यानेच खाल्लं. झालं, सगळा निष्कर्ष कोसळला. कोसळला म्हणजे ती पायरी खरी. कोसळला नाही तर ती पायरी नव्हतीच."

"चांगली रीत आहे," ऑगस्टा म्हणाली, आणि तिने ती मनात नीट ठेवून दिली. "मग हा प्रश्न गेला कुठे?"

"सेंट हेडविगच्या तळघरात. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या शुक्रवारी तिथे मासे तळतात. मी दर वर्षी जातो, कित्येक वर्षं. त्याच तळघरात विनी ओट्स नावाची बाई या परीक्षेचा वर्ग घेते. गेल्या शुक्रवारी ताट घेऊन बसलो, समोर बघतो तर फळ्यावर माझा प्रश्न. खाणावळीच्या जागी चर्च, मटणाच्या जागी मासा, कुत्र्याच्या जागी मांजर. वरचे कपडे बदललेले. पण पाचही उत्तरं त्याच क्रमाने, सापळेसुद्धा तेच. मी त्या बाईला जाब विचारला. तर म्हणते कशी, प्रश्न माझा आहे."

"निर्लज्ज," नॉर्बर्ट म्हणाला.

"तुमचा प्रश्न कोणी कोणी पाहिला होता?" ऑगस्टाने विचारलं.

"आम्ही तिघांनीच. मग तो लोखंडी कपाटात. किल्ल्या तीन." लॅथ्रप यांचा आवाज जरा खाली आला. "बाई, खरं सांगतो, गेली काही वर्षं माझ्या हातून धड प्रश्न उतरत नव्हता. वय झालं. हाताखालची ही दोन पोरं माझ्याकडे आदराने बघत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग शरद ऋतूत एका सकाळी दाढी करता करता हा प्रश्न सुचला. अख्खाच्या अख्खा, पाच उत्तरांसकट. वाटलं, अजून संपलो नाही मी. आणि तोच कोणीतरी विकला."

"संशय कोणावर?"

"सोमवारी परीक्षेचं वरचं मंडळ बसतंय. नाव द्यावं लागेल." ते टोपीकडे बघत राहिले. "लेनोर नवी आहे. तिला स्वतःला पुढे कायद्याच्या कॉलेजात जायचंय. हा डाग लागला तर एकही कॉलेज तिला दारात उभं करणार नाही. म्हणून खात्री करून घ्यायला आलो."

*

प्रश्न लिहिणाऱ्यांची कचेरी म्हणजे एका दातांच्या डॉक्टरच्या वरचा मजला. खालून यंत्राची घरघर, वर टंकयंत्रांची टकटक.

कर्टिस बीम हा चाळिशीचा, जिभेला धार असलेला माणूस. नॉर्बर्टने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नावर तो आधी हसायचा.

"तुम्हाला लॅथ्रपसाहेबांची खुर्ची हवी आहे असं ऐकलं," नॉर्बर्ट म्हणाला.

"हवी आहे. म्हणून मी त्यांचा प्रश्न चोरला? साहेब, यात तुम्ही किती पायऱ्या गिळल्यात, मोजू का?"

"आमच्यासमोर मोजू नका, घरी मोजा," ऑगस्टा म्हणाली. "तो प्रश्न तुमच्याकडे आला तेव्हा कसा वाटला?"

बीमचं हसू थोडं कमी झालं. "आमच्याकडे प्रश्न नाव न घालता फिरतात, म्हणजे कोणी कोणाचं तोंड बघून मत देणार नाही. मग आम्ही तो फाडतो आणि पुन्हा लिहायला लावतो. प्रत्येक प्रश्न सात जन्म घेतो. लॅथ्रपसाहेबांचे अलीकडचे तर दहा. हा मात्र आला तो एकदाच टंकलेला, खाडाखोड नाही, आणि पहिल्या फटक्यात पास झाला. मला हेवा वाटला. माझा नव्हता, लेनोरचा असेल असं वाटलं. म्हाताऱ्याचा निघाला तेव्हा मी तोंडात मारल्यासारखा गप्प बसलो."

"लेनोर कशी आहे?"

"हुशार. फार बोलत नाही. मंगळवारी मात्र पाच वाजले की पळते, काम अर्धं असलं तरी."

लेनोर द्राबिक कोपऱ्यातल्या टेबलावर बसली होती. पंचविशीची, बारीक चणीची, केस मागे घट्ट बांधलेले. ऑगस्टाने तिला एवढंच विचारलं, "प्रश्न कोणाला दाखवलास?" ती म्हणाली, "कोणाला नाही." ऑगस्टा "बरं" म्हणाली आणि निघाली. नॉर्बर्टला हे मुळीच पटलं नाही.

"तिच्या डोळ्यात बघितलंस? काहीतरी लपवतेय," जिन्यात तो म्हणाला.

"लपवतेय, हे खरं. काय लपवतेय ते तुला माहीत आहे?"

नॉर्बर्टला माहीत नव्हतं. पण तो दिवस मंगळवारच होता.

*

बुधवारी सकाळी नॉर्बर्ट कचेरीत आला तो फुशारकीनेच.

"पकडली. काल तिच्या मागे गेलो. गाडी थेट सेंट हेडविगच्या मागच्या दाराशी. तळघराचा जिना उतरली. ओट्सबाईचा वर्ग मंगळवारीच असतो, मी चौकशी केलीय."

"एकटी होती?"

"एक म्हातारा होता बरोबर. त्याला हाताला धरून खाली नेलं. मधला दलाल असणार. मग ती एकटी वर आली आणि गाडीत बसून राहिली, थेट सगळं आटपेपर्यंत. काच बंद, बर्फ पडतंय, ही आपली बसलीय."

"वर्गाला प्रश्न विकायला गेलेली मुलगी वर्ग चालू असताना गाडीत का बसेल?"

"राखण करत असेल."

"आणि हे तू आधी मला सांगतोयस ना?" ऑगस्टाने विचारलं.

नॉर्बर्टने बुटांकडे पाहिलं. तो येताना लॅथ्रप यांना सांगूनच आला होता.

ऑगस्टाने कोट घातला. ती दोघं लॅथ्रप यांच्या कचेरीत पोचली तेव्हा लेनोर टेबलापाशी उभी होती. लॅथ्रप समोर, बीम दाराशी. नॉर्बर्ट पुढे झाला. जुनी हवालदारकी अंगात आली म्हणा, किंवा फुशारकी म्हणा.

"किती दिवसांपासून त्या तळघरात जातेस?"

लेनोरचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग मानेपासून लाल होत गेला. असा लाल रंग चोराला चढत नाही. तो लाज वाटणाऱ्याला चढतो. पण ते ओळखायला डोळे लागतात.

"हिवाळा सुरू झाल्यापासून," ती म्हणाली.

"आणि तो म्हातारा कोण?"

ती खिडकीकडे बघू लागली.

"चोराची बोटं बघावीत म्हणतात," नॉर्बर्ट म्हणाला. "बघा कशी थरथरतायत."

लेनोरने हात मागे घेतले. लॅथ्रप यांनी हात पुढे केला, आणि तिने कपाटाची किल्ली त्यावर ठेवली. मग तिने कोट उचलला. तो घालायलाही थांबली नाही, तसाच हातावर टाकून जिना उतरली. खाली दातांच्या यंत्राची घरघर चालूच होती.

"नॉर्बर्ट," ऑगस्टा रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "तू तिला एक प्रश्न विचारला नाहीस."

"कुठला?"

"तूच शोध. नाहीतरी तुझ्याकडून आता दुसरं काही होणार नाही."

*

गुरुवारी दोघं धक्क्याजवळच्या खाणावळीत जेवायला गेली. नॉर्बर्टला उदास वाटलं की तो चेरी भरलेली गोड पेस्ट्री मागवतो. वाढणारी डार्ला नावाची बाई, कडेवर एक लेकरू आणि दुसऱ्या हातात कॉफीची किटली. लेकराला आज सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून ते कामावर आलं होतं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःचं नाव सांगत होतं.

शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून गेला होता. ताट लख्ख, खाली टिप नाही.

"बघा," नॉर्बर्ट म्हणाला, "एवढं आवडीने सगळं खाल्लं, आणि टिप ठेवायला जीव जातो लोकांचा."

"आणि मांजराचं काय?" डार्ला म्हणाली आणि स्वतःशीच हसली.

"कुठलं मांजर?"

"काही नाही हो, आमच्यातलं बोलणं आहे. कोणी असं धाडकन काही ठरवून टाकलं की आम्ही म्हणायचो. मी ओट्सबाईंच्या वर्गाला जायचे. वकीलच व्हायचं होतं मला, हसू नका." तिने लेकराचं नाक पुसलं. "मग हे साहेब पोटात आले आणि वकिली राहिली. पण तेवढं वाक्य घेऊन आले. घरी नवऱ्यावर चालतं."

"चलाख आहेत तुमचे साहेब," ऑगस्टा म्हणाली, आणि तिने नेहमीपेक्षा जास्त टिप ठेवली.

नॉर्बर्टने ते पाहिलं. पण त्याला वाटलं, लेकरासाठी ठेवली.

*

शुक्रवारी संध्याकाळी सेंट हेडविगच्या तळघरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. जिना उतरलं की डावीकडे मोठा हॉल. तिथे लांब बाकं, कढईतला पर्च मासा, कोबीची कोशिंबीर, आणि भिंतीला सरकवून ठेवलेला फळा. उजवीकडे बंद दाराची एक छोटी खोली. दाराबाहेर कॉफीचं भलंमोठं भांडं आणि कागदी पेल्यांची चळत. जिन्यावर दोघं-तिघं सिगारेट ओढत उभे होते. ऑगस्टा त्यांच्याकडे बघून हसली, तशी ते भिंतीकडे बघू लागले.

विनी ओट्स कढईपाशी होती. साठीची, ठेंगणी, एप्रनवर पिठाचे हात पुसणारी.

"तुम्ही त्या कॉलरवाल्या साहेबांकडून आलात," ती म्हणाली. "त्यांना सांगितलंय, तुम्हालाही सांगते. प्रश्न माझा आहे."

"लिहून ठेवलेला असेल ना कुठे?" नॉर्बर्ट म्हणाला. "दाखवा की."

"मी कागदावर काही ठेवत नाही. फळ्यावर लिहिते, शिकवते, पुढच्या वर्गाला पुसते. चांगला असला तर पुढच्या वर्षी पुन्हा लिहिते."

"चोर असंच म्हणणार," नॉर्बर्ट पुटपुटला.

"वर्गात मुलं कॉफी पितात वाटतं," ऑगस्टाने बाहेरच्या भांड्याकडे मान केली. "पेले बरेच आहेत."

"माझ्या वर्गात कॉफीचा थेंब चालत नाही. ते समोरच्या खोलीतल्या लोकांचं आहे. रोज संध्याकाळी असतात." विनीने झारा आपटला. "त्यांच्याबद्दल मला विचारू नका. या तळघरात तो नियम आहे."

"नाही विचारत. लॅथ्रपसाहेब नेहमी येतात?"

"उपासाचा एक शुक्रवार चुकवत नाहीत. ते काय, फळ्यासमोर बसलेत. तीच त्यांची ठरलेली जागा. जेवताना फळा वाचत असतात. मला वाटायचं, माझ्या चुका काढतायत."

नॉर्बर्टने ताट बाकावर ठेवलं आणि कोशिंबीर आणायला गेला. परत येतो तर ताट स्वच्छ, आणि बाकाखाली एक करडा, गलेलठ्ठ बोका मिशा चाटत बसलेला.

"अरे, ते ताट माझं होतं."

"तो जुना चोर आहे इथला," विनी म्हणाली. "पाद्री बदलले तीन, हा आहे तिथेच. त्याच्यासमोर ताट सोडून जायचं नसतं."

सगळे हसले. नॉर्बर्टही हसला. ऑगस्टा मात्र आधी बोक्याकडे, मग फळ्याकडे आणि मग पाठ ताठ ठेवून मासा खाणाऱ्या लॅथ्रप यांच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला होता. एरवी उत्तर सापडल्यावर तिला आनंद व्हायचा. या वेळी झाला नाही.

*

सोमवारी मंडळ बसायच्या आधी ऑगस्टाने सगळ्यांना वरच्या मजल्यावर बोलावलं. लेनोर दाराजवळ बसली, कोट न काढता. नॉर्बर्ट तिच्याकडे बघायचं टाळत होता. एव्हाना त्याला काहीतरी डाचू लागलं होतं.

"नाव सांगा, बाई," लॅथ्रप म्हणाले.

"सांगते. पण तुमच्या रीतीने. तुम्ही म्हणालात, गिळलेली पायरी शोधायची आणि उलटी करून बघायची. इथे दोन पायऱ्या गिळल्यात. पहिली नॉर्बर्टने." ती त्याच्याकडे वळली. "लेनोर तळघरात जाते. तळघरात ओट्सबाईंचा वर्ग आहे. म्हणून लेनोर वर्गात जाते. काय गिळलंस?"

नॉर्बर्टला वेळ लागला. पण सापडलं.

"की तळघरात दुसरं काही नाही," तो म्हणाला.

"जिना उतरल्यावर उजवीकडे दुसरी खोली आहे. बाहेर कॉफीचं भांडं, जिन्यावर सिगारेटी, आणि वर्गात तर कॉफीला बंदी. दारू सोडलेली माणसं तिथे रोज जमतात आणि एकमेकांना धीर देतात. त्या खोलीचा एकच नियम. तिथे कोण होतं हे बाहेर बोलायचं नाही. लेनोरने कोणालातरी हाताला धरून खाली नेलं, आणि त्याचं आटपेपर्यंत थंडीत वाट बघितली. तो कोण, हे मी विचारलेलं नाही. कोणी विचारूही नये."

लेनोर कोटाच्या गुंडीकडे बघत होती.

"मग तू बोलली का नाहीस?" लॅथ्रप म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसतं न कळणं होतं.

"तुम्ही विचारलंत, किती दिवसांपासून जातेस," ती म्हणाली. "कशाला जातेस, हे कोणी विचारलंच नाही. आणि विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. ते माझं नव्हतं सांगायला."

नॉर्बर्टने मान खाली घातली. न विचारलेला प्रश्न कुठला, ते त्याला आता कळलं होतं. चारचौघांत त्याने तिची बोटं दाखवली होती. पोलिसात असताना त्याने पुष्कळांना पकडलं, पण असं मेल्याहून मेल्यासारखं त्याला कधी झालं नव्हतं.

"मग उरलो मी," बीम म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

"नाही. दुसरी पायरी राहिली आहे, आणि ती लॅथ्रपसाहेब स्वतः शोधतील." ऑगस्टाने खुर्ची त्यांच्या जवळ ओढली. "प्रश्न तुमच्या कपाटात होता. तोच ओट्सबाईंच्या फळ्यावर दिसला. म्हणून कोणीतरी तो इथून तिथे नेला. काय गिळलंत?"

"काही नाही. हे सरळ आहे."

"बघा तर खरं."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. आयुष्यभर हेच केलेला माणूस, त्याला फार वेळ लागायला नको होता. तरी लागला.

"की प्रश्न आधी इथे होता," ते म्हणाले.

"उलटं करा."

"प्रश्न आधी तिथे होता. आणि मग..."

"ओट्सबाईंनी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं, प्रश्न माझा आहे. आपण ते ऐकलं आणि सोडून दिलं, मीसुद्धा. पण त्या चर्चमध्ये खरोखरच ताटं साफ करणारा बोका आहे. नॉर्बर्टचा मासा त्यानेच खाल्ला. चोर प्रश्नाचे कपडे बदलतो हे ठीक, पण कुत्रा घालवून मांजर घालताना ते नेमकं त्याच तळघरातलं कसं निघेल? मांजर मूळचं आहे. कुत्रा नंतर आला. धक्क्याजवळच्या खाणावळीत डार्ला म्हणून एक बाई आहे. 'आणि मांजराचं काय' ही तिच्या वर्गाची म्हण. पोटात लेकरू राहिलं म्हणून तिने वर्ग सोडला, आणि ते लेकरू आता बोलतंय. तुम्हाला प्रश्न सुचला तो गेल्या शरद ऋतूत."

लॅथ्रप यांचा हात हळूहळू गालावर गेला, जिथे रोज सकाळी वस्तरा फिरतो तिथे.

"अख्खाच्या अख्खा," ते म्हणाले.

"हो. तुमचे प्रश्न दहा जन्म घेतात असं बीम म्हणाला. हा एकाच जन्मात पुरा होता. कारण तो सुचला नव्हता, आठवला होता. दर वर्षी मासा खाता खाता तुम्ही तो फळा वाचलात आणि विसरलात. तुम्ही चोर नाही, साहेब. चोर स्वतःहून माझ्याकडे आला नसता."

"चोर बरा," लॅथ्रप म्हणाले. "त्याला निदान ठाऊक असतं."

त्यांनी खिशातून बुधवारी घेतलेली किल्ली काढली. लेनोरकडे जायला चार पावलं पुरली असती, पण ती टाकताना ते एकदम म्हातारे दिसले. त्यांनी किल्ली पुढे केली.

"मी तुला मान खाली घालायला लावली," ते म्हणाले. "मंडळाला नाव द्यायचंय. मी माझं देईन. मला लाज वाटते, लेनोर."

लेनोरने किल्लीकडे पाहिलं. घ्यायला हात पुढे केला नाही.

"टेबलावर ठेवा," ती म्हणाली. "मी उद्या येईन. आज नाही."

आणि ती गेली. दार तिने हळूच लावून घेतलं. धाडकन आपटलं असतं तर बरं वाटलं असतं सगळ्यांना.

*

पुढच्या शुक्रवारी लॅथ्रप सेंट हेडविगच्या रांगेत उभे राहिले. पाळी आल्यावर त्यांनी ताट घेतलं नाही. टोपी काढून, मागे सगळी रांग ऐकत असताना, त्यांनी विनी ओट्सला सगळं सांगितलं. विनीने ऐकून घेतलं आणि एक मासा उलटला.

"मग परीक्षेत येणार का तो?"

"नाही. आता येऊ शकत नाही."

"वाईट झालं," ती म्हणाली. "चांगला प्रश्न होता." आणि तिने त्यांच्या हातात ताट दिलं. ते त्या दिवशी फळ्याकडे पाठ करून जेवले.

नॉर्बर्टचं मात्र घशाखाली उतरेना. वर, मागच्या दाराशी लेनोरची गाडी उभी होती. काचा बंद, आत ती. उजवीकडच्या खोलीतलं आटपायला वेळ होता.

त्याने चांगले तीन तुकडे निवडले, कोशिंबीर घेतली आणि जिना चढला. काचेवर टकटक केली. तिने पाहिलं. काच खाली झाली नाही.

"माझं चुकलं," तो काचेला म्हणाला. "मी ते बोटांचं म्हणायला नको होतं. काहीच म्हणायला नको होतं."

आत ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. त्याने ताट गाडीच्या टपावर ठेवलं, मासा गार होईल म्हणून वर कागद झाकला, आणि तो खाली निघून आला. तिथे उभं राहून ती खाते का बघणं त्याला बरं दिसेना.

बऱ्याच वेळाने त्याला राहवलं नाही. तो वर गेला आणि जवळजवळ धावतच परत आला. हातात ताट. लख्ख.

"ऑगस्टा, बघ. सगळं खाल्लं तिने. एक काटा नाही ठेवला." त्याचे डोळे भरले होते. "म्हणजे माफ केलं ना मला?"

ऑगस्टाने ताटाकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे. वरच्या पायरीवर तो करडा बोका बसला होता, पंजा चाटत.

तिला बोलायचं नव्हतं. पण नॉर्बर्टने तिची नजर कुठे गेली ते पाहिलं, आणि तोही वळला. या वेळी त्याला शिकवावं लागलं नाही.

त्याने ताट बाकावर ठेवलं. जिना पुन्हा चढून तिला विचारायची हिंमत त्याला झाली नाही. थोड्या वेळाने विनीने हाक मारली, तेव्हा तो उठला, बाह्या वर केल्या आणि उष्टी ताटं विसळायला गेला.